दोन तासांची परीक्षा आणि घरातील धीर

जयपूरला गेलेला प्रवासी जंतरमंतर पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. सवाई जयसिंह महाराजांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतच्या सूक्ष्मतेने वेळ सांगता येते. दगडी चापावरून ती सावली डोळ्यांदेखत पुढे सरकताना पाहिली, म्हणजे काळ कोणासाठी थांबत नाही हे वचन नव्याने पटते.

याच शहरात डिसेंबरातील एका रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात काळाची आणखी एक मोजणी चालते. ती पाहावयास प्रवासी जात नाहीत. परीक्षाकेंद्राच्या आत सतरा-अठरा वर्षांची मुलेमुली एकशेवीस मिनिटांत एकशेवीस प्रश्न सोडवीत असतात आणि फाटकाबाहेर त्यांचे आईवडील पाण्याची बाटली व स्वेटर सांभाळीत घड्याळाकडे पाहत उभे असतात. ही परीक्षा म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. विद्यार्थिवर्गात तिला ‘क्लॅट’ या आद्याक्षरी नावानेच ओळखतात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली.

गोपालपुरा बायपासचा रस्ता किंवा प्रतापनगरातील शिकवणी वर्गांची वसाहत यांवरून एक फेरी मारली, तरी जयपुरात परीक्षांच्या तयारीला केवढे मोठे स्थान आहे हे कळून येते. वैद्यकी, अभियांत्रिकी, प्रशासकीय सेवा यांच्या फलकांबरोबर आता कायद्याचे फलकही झळकत असतात. ज्या घरांत वकिलीचा वारसा नाही, अशा घरांतील मुलेही या वाटेला लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या फलकांवर जे लिहिलेले नसते, ते म्हणजे मुलांच्या मनातील भय. त्या भयाचे स्वरूप काय आणि ते आटोक्यात कसे आणावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा. कारण परीक्षेला मूल एकटे बसत असले, तरी भीती मात्र बहुधा सगळ्या घराची असते.

परीक्षा कशी आली

बारावीनंतर पाच वर्षांत कायद्याची पदवी देणारे राष्ट्रीय विधी विद्यालय प्रथम बंगळूर येथे निघाले. डॉ. एन. आर. माधव मेनन हे त्याचे संस्थापक संचालक. १९८८ मध्ये तेथे पहिला वर्ग भरला आणि वकिलीचे शिक्षण हा इतर कोठे प्रवेश न मिळालेल्यांचा शेवटचा आसरा, ही समजूत हळूहळू मागे पडली. पुढे हैदराबाद, भोपाळ, कोलकाता अशी विद्यापीठे निघाली. राजस्थानात जोधपूरचे विद्यापीठ १९९९ च्या कायद्याने स्थापन झाले. महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत.

आरंभी प्रत्येक विद्यापीठ आपली स्वतंत्र परीक्षा घेई. निरनिराळे अर्ज, निरनिराळे शुल्क, आणि कधी दोन परीक्षा एकाच सुमारास आल्यामुळे होणारी धावपळ. हा प्रश्न २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यानंतर सात विद्यापीठांनी एकत्र येऊन ११ मे २००८ रोजी पहिली सामाईक परीक्षा घेतली. आज सुमारे पंचवीस विद्यापीठे तीत सहभागी असून २०१७ मध्ये स्थापन झालेला त्यांचा संघ ती घेतो. जागा थोड्या आणि परीक्षार्थी त्यांच्या कित्येक पट, हे मात्र बदललेले नाही. म्हणूनच तयारी आणि धीर या दोन्हींची गरज पडते.

परीक्षा काय विचारते

‘आमच्या घरात कायद्याचे पुस्तकदेखील नाही, मुलीला कलमे कशी पाठ व्हावीत?’ अशी शंका पालक बोलून दाखवितात. ही शंका निराधार आहे. या परीक्षेत कलमे पाठ असावी लागत नाहीत. २०१९ पर्यंत दोनशे सुटे प्रश्न असत. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले आहेत. प्रत्येक उतारा सुमारे साडेचारशे शब्दांचा व त्याखाली काही प्रश्न. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या १२० झाली. त्यांपैकी चालू घडामोडी व कायदेविषयक तर्क यांना प्रत्येकी सुमारे एक चतुर्थांश, इंग्रजी भाषा व सामान्य तर्क यांना प्रत्येकी सुमारे एक पंचमांश आणि गणिताला सुमारे एक दशांश वाटा असतो. गणित दहावीच्या पातळीचे: शेकडेवारी, गुणोत्तर, तक्ते व आलेख. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरामुळे पाव गुण वजा होतो.

कायदेविषयक तर्काचा प्रश्न कसा असतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, उताऱ्यात असा नियम दिला आहे: दुकानात मांडलेली वस्तू हा विक्रीचा प्रस्ताव नसून गिऱ्हाइकाने प्रस्ताव करावा म्हणून दिलेले केवळ निमंत्रण असते, गिऱ्हाईक प्रस्ताव करते आणि तो स्वीकारावा की नाही, हे दुकानदार ठरवितो. आता प्रसंग असा, की जयपूरच्या मनिहारों के रास्ते येथील एका दुकानात लाखेच्या बांगड्यांच्या जोडावर चुकून दोनशे रुपयांची चिठ्ठी लागली. खरी किंमत दोन हजार. एका बाईंनी दोनशे रुपये पुढे केले, दुकानदाराने नकार दिला. करार झाला काय?

मन चटकन बाईंच्या बाजूला धावते. चिठ्ठी लावली, आता शब्द पाळा! पण उताऱ्यातील नियमाप्रमाणे पैसे पुढे करणे हा बाईंचा प्रस्ताव होता आणि दुकानदाराने तो स्वीकारला नाही. म्हणून करार झाला नाही. येथे कायद्याचे पूर्वज्ञान लागले नाही. लागले ते शांतपणे वाचणे, आपले मत क्षणभर बाजूस ठेवणे आणि नियम प्रसंगाला लावून पाहणे. भ्यालेले मन हेच करू शकत नाही. ते अर्धे वाक्य वाचते आणि उत्तराकडे धाव घेते. म्हणून या परीक्षेची तयारी आणि भयाचा उपाय ही दोन कामे नव्हेत, ती मुळात एकच आहेत.

कायद्याचे शिक्षण कशासाठी, हेही मुलांनी जाणून घ्यावे. जयपूरपासून फार दूर नसलेल्या भटेरी गावातील एक साथीन शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करीत होती. १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्यानंतर तिच्यावर अत्याचार झाला. त्यातून जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये त्या विषयावर संसदेने कायदा केला. ज्या मुलीला हा इतिहास ठाऊक आहे, तिच्या दृष्टीने कायदा हा केवळ गुणांचा विषय राहत नाही. अभ्यासाला अर्थ सापडला, की भीतीचे ओझे थोडे हलके होते.

तयारीची रीत

प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते. मराठी किंवा हिंदी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या वाटेतील ही खरी अडचण आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. परंतु एका वर्षाच्या नियमित वाचनाने ती पुष्कळ कमी करता येते. रोज एका इंग्रजी दैनिकातील अग्रलेख वाचावा. प्रथम त्याचा सारांश चार ओळींत मराठीत लिहावा. म्हणजे आशय खरोखर कळला की नाही, हे स्पष्ट होते. मग त्याच चार ओळी इंग्रजीत लिहाव्यात. शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा हा उपाय अधिक टिकाऊ होय. घडामोडींचीही एक वही असावी, पण तीत केवळ नावे व तारखा न लिहिता ‘हे का घडले’ याची एक ओळ जोडावी.

वर्षाचे पहिले तीन-चार महिने वाचनाला, नंतरचे महिने एकेका विभागाच्या सरावाला आणि अखेरचे दोन-तीन महिने पूर्ण प्रश्नपत्रिकांना द्यावेत. सराव-परीक्षा शक्य तर रविवारीच, दुपारी दोन ते चार या वेळात, घड्याळ लावून द्यावी. जेवणानंतरच्या त्या वेळी अनेकांना पेंग येते. शरीराला त्या वेळेची सवय झाली, की ती अडचण उरत नाही.

वारंवार वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेणे अधिक उपयोगी, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने ‘येते’ असे वाटते. आठवून लिहिल्याने खरोखर येते.

प्रत्येक सराव-परीक्षेनंतर गुण मोजण्याआधी चुका मोजाव्यात. वहीत चार रकाने आखावेत: माहीत नव्हते, नीट वाचले नाही, घाई झाली, आणि बरोबर उत्तर भीतीने बदलले. दोन महिन्यांत कोणता रकाना भरत चालला आहे, ते आपोआप दिसेल. पुष्कळ मुलांना असे आढळेल, की पहिल्या रकान्यापेक्षा उरलेले तीनच अधिक भरले आहेत. ‘मला काही येत नाही’ या मोघम भयाच्या जागी ‘मी प्रश्नातील नकारार्थी शब्द वगळतो’ अशी नेमकी चूक सापडली, की ती सुधारता येते. मोघम भयाला मात्र औषध नाही.

वजा गुणांचाही हिशेब आधीच करून ठेवावा. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चूक आहेत असे कळले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे फायद्याचे ठरते. असे चार प्रश्न सोडविले आणि दोन बरोबर, दोन चूक आले, तरी दोन गुणांतून अर्धा वजा होऊन दीड गुण हाती उरतो. एकही पर्याय खोडता येत नसेल, तर तो प्रश्न खुशाल सोडावा. हा नियम घरी ठरवून नेला, म्हणजे केंद्रात प्रत्येक वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

भीती म्हणजे काय

परीक्षेपूर्वी छाती धडधडणे, तळहात ओले होणे, पोटात गोळा येणे ही दुर्बलतेची लक्षणे नव्हेत. संकट समोर दिसताच शरीर धावण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. प्रश्नपत्रिका हे वाघासारखे संकट नाही, हे त्याला कळत नाही इतकेच. यर्क्स व डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून असे मानले जाते, की कठीण कामात थोडी उत्तेजना उपकारक असते, अति झाली म्हणजे ती घातक ठरते. तेव्हा भीती समूळ नाहीशी करणे हे ध्येय नव्हे. तिला तिच्या मर्यादेत बसविणे, एवढेच करावयाचे आहे.

१९६७ मध्ये लीबर्ट व मॉरिस या संशोधकांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग सांगितले. एक शरीराची खळबळ, दुसरी मनातील चिंता: ‘नापास झालो तर? लोक काय म्हणतील?’ यांपैकी गुणांना अधिक बाधक ठरते ती चिंता. कारण उघड आहे. जे मन उताऱ्यातील नियम धरून ठेवण्यासाठी हवे, तेच शेजाऱ्यांच्या बोलण्यात गुंतून पडते.

यावर काही साधे उपाय आहेत. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ व बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील भीती कागदावर मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांना अधिक चांगले गुण मिळाल्याचे दिसले. सराव-परीक्षेच्या आधी हा प्रयोग करून पाहावा. लिहिलेला कागद कोणी वाचू नये, फाडून टाकला तरी चालेल. दुसरा उपाय श्वासाचा. श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. असे पाच-सहा वेळा केल्याने धडधड उतरू लागते. तिसरा उपाय झोपेचा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळविलेल्या दोन तासांची किंमत दुसऱ्या दिवशी दुपारी चुकवावी लागते.

केंद्रात एखादा उतारा मुळीच कळला नाही, तर पेन खाली ठेवून एक लांब श्वास सोडावा, त्या उताऱ्यावर खूण करावी आणि पुढे जावे. सगळेच उतारे सगळ्यांना येत नसतात. सम्राट यंत्रावरील सावली अडत नाही, तसे आपणही एका ठिकाणी अडून बसू नये.

मात्र भीती आणि आजार यांतील सीमारेषा घरच्यांनी ओळखली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जेवण सुटणे, मित्रमैत्रिणींशी बोलणे बंद होणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे उद्गार निघणे, यांकडे ‘परीक्षा झाली की बरे होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांचा सल्ला तत्काळ घ्यावा. १४४१६ या क्रमांकावर भारत सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. राजस्थानातील कोटा शहरात परीक्षेच्या ओझ्याखाली किती कोवळे जीव गेले, हे देशाने पाहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थान विधानसभेने या वर्गांच्या नियमनाचे विधेयक मंजूर केले. हे उपाय योग्यच आहेत. परंतु कोणताही कायदा घराच्या उंबरठ्याच्या आत, जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचू शकत नाही. तेथील राज्य आईवडिलांचे आहे.

घरच्यांचे काम

आईवडिलांनी अभ्यास घेतलाच पाहिजे असे नाही. पण काही गोष्टी तेच करू शकतात. रोज गुण विचारण्याऐवजी ‘आज नवीन काय वाचलेस?’ असे विचारावे. अग्रलेखावर जेवताना दहा मिनिटे बोलावे. वडिलांचे मत वेगळे असेल तर फारच उत्तम, कारण तर्काला धार वादानेच येते. आत्याच्या किंवा मामाच्या मुलाशी तुलना करू नये. शिकवणीच्या शुल्काचा उल्लेख मुलासमोर वारंवार करू नये. पैसे आपण स्वखुशीने भरले आहेत, ते कर्ज म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवलेले नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, परीक्षेच्या पुष्कळ आधी, एखाद्या निवांत संध्याकाळी, दुसऱ्या वाटांविषयी मोकळेपणाने बोलून ठेवावे.

दुसऱ्या वाटा खरोखरच आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सीईटी कक्षामार्फत होणारी विधी प्रवेश परीक्षा इंग्रजीबरोबर मराठीतही देता येते आणि तीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तिच्यातून राज्यातील विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. जयपुरात राजस्थान विद्यापीठाचे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे विधी महाविद्यालय आहे. कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, तो मार्ग तर कित्येक पिढ्यांचा आहे. न्यायालयात उभे राहिल्यावर न्यायाधीश वकिलाला त्याचा प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारीत नाहीत.

या संदर्भात नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची आठवण होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि ऑक्सफर्ड येथे कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८९२ मध्ये तेथील अंतिम कायदा परीक्षेला पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बसण्यासाठीसुद्धा त्यांना खास परवानगी मिळवावी लागली. निकाल लागला तो तिसऱ्या वर्गाचा; आणि स्त्री म्हणून पदवी मिळावयास आणखी तीस वर्षे गेली. पण त्या थांबल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या, न्यायालयाची पायरी चढू न शकणाऱ्या शेकडो स्त्रियांच्या मालमत्तेचे व हक्कांचे प्रश्न त्यांनी हाताळले. त्यांचा तिसरा वर्ग आज किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे काम मात्र इतिहासात राहिले.

पुन्हा एकदा जयपूरच्या त्या फाटकापाशी येऊ. चार वाजतात, घंटा होते आणि मुले बाहेर पडू लागतात. कोणाचा चेहरा उजळलेला, कोणाचा उतरलेला. त्या क्षणी आईवडिलांच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य मूल पुढे कित्येक वर्षे विसरत नाही. ‘किती प्रश्न सोडविलेस?’ हा प्रश्न संध्याकाळपर्यंत थांबू शकतो; उत्तरपत्रिका आता कोणाच्याच हाती राहिलेली नाही. स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकावा आणि म्हणावे, ‘दमलास ना? चल, आधी काही खाऊन घेऊ.’ जयपुरात गरम कांद्याची कचोरी कोठेही मिळते. ज्या घराकडे परतताना मुलाला निकालाची भीती वाटत नाही, त्या घरातील मूल कोणतीही परीक्षा अधिक धीराने देऊ शकते.